‘एलिमिनेटर’ : उसना ध्वनी आणि मूळ व्याकरण

एका भाषेत दुसऱ्या भाषेतील शब्द येऊ लागले म्हणजे पहिल्या भाषेचे नेमके काय होते, हा भाषाशास्त्रातील जुना प्रश्न आहे. उसन्या शब्दांची केवळ गणती करून त्याचे उत्तर मिळत नाही. ‘टेबल’ हा शब्द इंग्रजीतून आला खरा. परंतु ‘टेबलावर’, ‘टेबलाचा’ अशी रूपे होताच तो मराठीच्या व्याकरणात दाखल झाला. याउलट, वाक्यातील एकूण एक शब्द देशी असूनही वाक्याची ठेवण परकी असू शकते. तेव्हा संकराची खरी परीक्षा शब्दकोशात होत नाही. ती व्याकरणात करावी लागते. हे तत्त्व संगीताच्या क्षेत्रातील एका बहुचर्चित कृतीस लावून पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ती कृती म्हणजे अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या ‘झी झी टॉप’ या ब्लूज-रॉक वाद्यवृंदाची, २३ मार्च १९८३ रोजी प्रसिद्ध झालेली ‘एलिमिनेटर’ ही ध्वनिमुद्रिका होय.

या ध्वनिमुद्रिकेविषयी दोन मते रूढ आहेत. पहिले मत असे, की ब्लूजच्या परंपरेत वाढलेल्या तीन वादकांनी बाजाराच्या मोहाने सिंथेसायझर जवळ केला व परंपरेशी द्रोह केला. दुसरे मत असे, की मूळ ब्लूज जसाच्या तसा राहिला. त्याने काळास अनुसरून नवा पोशाख तेवढा चढविला. ही मते वरकरणी परस्परविरोधी असली, तरी दोहोंच्या मुळाशी एकच गृहीतक आहे. जे काही बदलले ते ध्वनीचा पोत बदलला, असे दोन्ही पक्ष धरून चालतात. या गृहीतकाचीच तपासणी होणे अगत्याचे आहे.

१

झी झी टॉपची स्थापना १९६९ मध्ये ह्यूस्टन येथे झाली. गिटार व मुख्य गायन बिली गिबन्स, बेस गिटार व गायन डस्टी हिल आणि ड्रम्स फ्रँक बिअर्ड, ही त्रयी २०२१ च्या जुलैमध्ये हिल यांचे निधन होईपर्यंत, म्हणजे अर्धशतकाहून अधिक काळ, अभंग राहिली. बिल हॅम हे त्यांचे व्यवस्थापक व निर्माते होते. १९७३ च्या ‘त्रेस ओम्ब्रेस’ या ध्वनिमुद्रिकेने त्यांना अमेरिकेत नाव मिळवून दिले; तीमधील ‘ला ग्रेंज’ हे गीत आजही त्यांच्या पूर्वशैलीचा नमुना म्हणून सांगितले जाते. सत्तरीच्या उत्तरार्धात काही काळ विराम घेऊन १९७९ मध्ये त्यांनी ‘देग्वेयो’ प्रसिद्ध केली. १९८१ च्या ‘एल लोको’मध्ये सिंथेसायझरचे पहिले, काहीसे बिचकत केलेले प्रयोग आढळतात. मेम्फिस येथील आर्डेंट स्टुडिओत टेरी मॅनिंग यांच्या ध्वनिमुद्रणकौशल्यातून साकारलेली ‘एलिमिनेटर’ ही त्यांची आठवी ध्वनिमुद्रिका. अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड’ सूचीत ती नवव्या स्थानापर्यंत पोहोचली; तीतील ‘लेग्ज’ हे गीत १९८४ मध्ये एकल गीतांच्या सूचीत आठव्या स्थानी गेले; आणि १९९६ मध्ये अमेरिकेतील एक कोटी प्रतींची निदर्शक अशी ‘डायमंड’ मान्यता तिला मिळाली. दहा-बारा वर्षांच्या मध्यम कीर्तीनंतर आलेले हे यश एवढे मोठे होते, की वाद्यवृंदाचा पूर्वेतिहास त्याच्या प्रकाशात नव्याने वाचला जाऊ लागला. त्याचे अनिष्ट परिणामही झाले. त्यांचा विचार पुढे येईल.

२

ब्लूजचे व्याकरण स्थूलमानाने तीन अंगांनी सांगता येते. पहिले अंग रचनेचे. बारा खंडांचे एक आवर्तन, त्यात षड्ज, मध्यम व पंचम या स्वरांवर उभारलेले तीन स्वरसंघ, आणि शब्दांच्या बाजूने एक चरण, त्याची पुनरुक्ती व त्यास उत्तर देणारा तिसरा चरण. दुसरे अंग स्वराचे. कोमल व शुद्ध गंधार यांच्या मधली जागा ही ब्लूजची स्वतःची जागा होय. ती पियानोच्या पट्टीवर सापडत नाही. ती गळ्यात असते, आणि गिटारची तार बोटाने ताणून किंवा तारेवरून काचेची वा धातूची नळी सरकवून तिच्यापर्यंत पोहोचता येते. तिसरे अंग कालाचे; आणि प्रस्तुत विवेचनात तेच सर्वांत महत्त्वाचे आहे.

ब्लूजच्या ‘शफल’ नामक चालीत प्रत्येक ठोक्याचे दोन असमान भाग पडतात. आपल्या छंदःशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे, तर तीन मात्रांचा एक ठोका ‘गुरु-लघु’ असा विभागला जातो : पहिला स्वर दोन मात्रांचा, दुसरा एका मात्रेचा. रॉक संगीतात रूढ असलेल्या सरळ चालीत मात्र ठोक्याचे ‘लघु-लघु’ असे दोन सारखे भाग होतात. अर्थात शफलमधील दोनास एक हे प्रमाण कागदावरचे आहे. प्रत्यक्ष वादनात ते कमीअधिक होते, वादकागणिक बदलते, आणि एकाच वादकाच्या हातून एकाच गीतातही सरकते. उच्चारात जसा प्रत्येक भाषकाचा स्वतःचा हेल असतो, तसेच हे आहे. ‘ला ग्रेंज’ ज्याने लक्षपूर्वक ऐकले असेल, त्याला हा गुरु-लघुचा हेल वेगळा दाखवून द्यावा लागत नाही.

या गीताचे मूळ जॉन ली हूकर यांच्या १९४८ च्या ‘बूगी चिलन’मध्ये आहे, असा दावा त्या गीताच्या हक्कदारांनी न्यायालयात केला होता. १९९५ मध्ये अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने, तबकड्यांची विक्री म्हणजे गीताचे प्रकाशनच होय, अशी भूमिका घेऊन वाद स्वामित्वहक्काच्या मुदतीवर नेला. १९९७ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने कायद्यात दुरुस्ती करून ही भूमिका फिरविली. या साऱ्या खटाटोपात मूळ प्रश्न मात्र बाजूस राहिला. एखादी चाल ही एका कर्त्याचे ‘वाक्य’ असते, की ती बोलणाऱ्या सर्वांचे ‘व्याकरण’? मौखिक परंपरेच्या अभ्यासकास हा प्रश्न टाळता येत नाही. आणि ‘एलिमिनेटर’च्या संदर्भात तो पुन्हा, निराळ्या रूपात, उभा राहतो.

३

ब्लूज हे मुळात शुद्ध, यंत्रविरहित संगीत होते व यंत्राने ते बिघडविले, हा युक्तिवाद इतिहासापुढे टिकत नाही. मडी वॉटर्स १९४३ मध्ये मिसिसिपीतून शिकागोला गेले. तेथील गजबजलेल्या मद्यगृहांत साधी गिटार ऐकू जाईना, म्हणून त्यांनी विजेवर चालणारी गिटार हाती घेतली. १९५८ मध्ये ते इंग्लंडला गेले, तेव्हा लोकगीतांच्या अपेक्षेने आलेल्या काही श्रोत्यांना त्यांचा तो मोठा आवाज खटकला. आज तोच आवाज ब्लूजचा अस्सल आवाज मानला जातो. अस्सलपणाची कल्पना ही अशी एका पिढीने मागे सरकत असते. मडी वॉटर्स यांचे निधन ३० एप्रिल १९८३ रोजी, म्हणजे ‘एलिमिनेटर’ प्रसिद्ध झाल्यावर सव्वा महिन्यातच झाले. हा केवळ योगायोग होय. तथापि दोन युगांची सीमा दाखविण्यास तो सोयीचा आहे.

परंतु एवढ्यावर थांबून ‘वीज आली तसा सिंथेसायझर आला’ असे म्हणणे हेही उतावीळपणाचे ठरेल. विजेची गिटार आणि सीक्वेन्सरने चालणारा सिंथेसायझर यांत तत्त्वतः भेद आहे. ध्वनिवर्धकाने बोटाची क्रिया मोठी केली. बोट नाहीसे केले नाही. तार ताणण्यातील लहानसा कंपही त्यामुळे अधिक स्पष्ट ऐकू येऊ लागला. सीक्वेन्सर व ड्रम मशीन यांनी मात्र कालाचे विभाजन वादकाच्या हातून काढून यंत्राच्या स्वाधीन केले. पहिल्या घटनेत उच्चार मोठ्याने झाला. दुसरीत हेल नियमित झाला. आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशके हार्मोनियमला दूर ठेवले, त्यामागील मुख्य आक्षेप स्वराचा होता : पट्टीच्या वाद्यावर मींड काढता येत नाही. ‘एलिमिनेटर’वर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपाचे खरे स्थान मात्र स्वरात नसून लयीत आहे, आणि नेमके तेच आक्षेपकांच्या ध्यानी आलेले नाही.

४

ध्वनिमुद्रिकेत एकूण अकरा गीते आहेत. ‘गिमी ऑल युवर लव्हिन’, ‘शार्प ड्रेस्ड मॅन’ आणि ‘लेग्ज’ ही तीन प्रसिद्ध गीते घेतली, तर तिन्हींची गती मिनिटाला सुमारे १२० ते १२५ ठोके इतकी आहे व ती आरंभापासून शेवटापर्यंत ढळत नाही. तिन्हींत ठोक्याचे विभाजन ‘लघु-लघु’ असे सरळ आहे. म्हणजे वाद्यवृंदाने प्रथम आपला गुरु-लघुचा हेल सोडला; सिंथेसायझर त्यानंतर आला, किंबहुना त्यामुळेच येऊ शकला. उसनवारी झाली ती मुख्यतः नृत्यगृहातील कालमानाची. ध्वनीचा पोत हा त्या उसनवारीचा दृश्य भाग तेवढा होय.

आता स्वराच्या अंगाकडे वळल्यास चित्र अगदी वेगळे दिसते. येथे सिंथेसायझर व गिटार यांची कामे काटेकोरपणे वाटलेली आहेत. सिंथेसायझर खालच्या सप्तकात एकसारखी स्पंदने देतो किंवा मागे दीर्घ स्वरसंघ धरून ठेवतो. स्वर वाकविण्याचे काम तो सहसा करीत नाही. ते काम संपूर्णपणे गिटारकडे व गिबन्स यांच्या घोगऱ्या गळ्याकडे आहे. ‘शार्प ड्रेस्ड मॅन’मध्ये यंत्रवत् सरळ लयीवर नळी सरकवून काढलेले गिटारचे आलाप ऐकावेत : लय बांधलेली, पण स्वर मोकळा. भाषाशास्त्रात दोन ध्वनी एकमेकांच्या जागी कधीच येत नसतील, तर त्यांचे वितरण परस्परपूरक आहे असे म्हणतात. ‘एलिमिनेटर’मधील गिटार व सिंथेसायझर यांचे वितरण बहुतांशी या प्रकारचे आहे. आरंभी घेतलेला दृष्टांत पुढे चालवावयाचा, तर सिंथेसायझर हा येथे उसना ‘अव्यय’ आहे. त्याला विभक्ती लागत नाही, सामान्यरूप होत नाही. तो अविकृत राहतो व इतर पदांना जोडून ठेवतो. विकार पावणारी पदे सारी मूळ भाषेतील आहेत.

या वाटणीचा सर्वोत्तम परिपाक ‘आय नीड यू टुनाइट’ या सहा मिनिटांहून मोठ्या, संथ गीतात दिसतो. येथे गती मंद असल्यामुळे यंत्राची जबरदस्ती जाणवत नाही. मागे धरून ठेवलेल्या स्थिर स्वरांच्या पार्श्वभूमीवर गिटारचा एकेक ताणलेला स्वर आपली मधली जागा शोधीत जातो, आणि पार्श्वभूमी स्थिर आहे म्हणूनच ती जागा अधिक ठळक होते. लोकप्रिय गीतांच्या गलबल्यात हे गीत दुर्लक्षित राहिले. परंतु संकर यशस्वी कसा होतो, हे दाखविणारा याहून चांगला पुरावा या ध्वनिमुद्रिकेत नाही.

‘लेग्ज’मध्ये मात्र वाटणी मोडू लागते. सिंथेसायझरची जलद स्पंदने तेथे पार्श्वभूमी न राहता गीताचा मुख्य आकारच बनतात, आणि गिटारही त्यांच्याच सरळ रेषेत चालू लागते. एकल तबकडीसाठी या गीताचे नृत्यास अधिक अनुकूल असे वेगळे मिश्रण करण्यात आले, हे येथे सूचक आहे. सर्वाधिक लोकप्रिय ठरलेले हे गीत संकराच्या दृष्टीने सर्वांत दुबळे आहे.

५

शब्दांच्या बाजूने पाहता ध्वनिमुद्रिकेचे दारिद्र्य लपत नाही. ब्लूजमधील वक्ता हा परंपरेने काहीतरी गमावलेला माणूस असतो. त्याच्या विनोदालाही दुःखाची कड असते. ‘एलिमिनेटर’मधील वक्ता बहुधा खरेदीदार आहे. त्याला उंची कपडे हवेत, मोटार हवी आणि स्त्री हवी. आणि तिन्हींकडे पाहण्याची त्याची दृष्टी जवळजवळ एकच आहे. ‘लेग्ज’मध्ये तर स्त्री तिच्या एका अवयवाच्या नावानेच गीतात प्रवेश करते. द्व्यर्थी शृंगार ब्लूजमध्ये पूर्वीपासून आहे. परंतु तेथे स्त्री-गायिकांनीही तो आपल्या बाजूने पुरेपूर वापरला होता. येथे उत्तर देणारा तो दुसरा आवाज नाही. ‘टीव्ही डिनर्स’ या गीताचा अपवाद मात्र नोंदविला पाहिजे. कारखान्यात तयार होऊन गोठवलेल्या, एकट्याने दूरचित्रवाणीसमोर बसून खावयाच्या जेवणाचे हे मिस्कील गुणगान आहे. यंत्रनिर्मित लयीवर यंत्रनिर्मित अन्नाचे गीत गाण्यात जी आत्मविडंबनाची जाणीव आहे, ती इतरत्र असती तर बरे झाले असते.

शब्दांत जे हरवले, ते काही अंशी चित्रफितींत परत आलेले दिसते. एमटीव्ही ही वाहिनी १ ऑगस्ट १९८१ रोजी सुरू झाली होती. टिम न्यूमन यांनी दिग्दर्शित केलेल्या तीन चित्रफितींचे नायक अनुक्रमे पेट्रोल पंपावरचा नोकर, मोटारी लावून देणारा पोऱ्या आणि पादत्राणांच्या दुकानातील गांजलेली मुलगी असे आहेत. मालकांकडून अपमानित होणाऱ्या या माणसांपुढे १९३३ च्या बनावटीची लाल फोर्ड मोटार येते आणि त्यांची सुटका करते. लांब दाढ्यांचे वादक बाजूस उभे राहून, लोककथेतील यक्षांप्रमाणे, केवळ साक्षी असतात. ब्लूजचा जुना श्रोता हा कष्टकरी होता. गीतांच्या शब्दांनी ज्याला विसरले, त्याला चित्राने आठवणीत ठेवले, असे म्हणता येईल. अर्थात ही सुटका स्वप्नातील आहे, आणि तिच्या वाहनावर तीन सुंदर स्त्रिया सजविलेल्या आहेत, हेही तितकेच खरे.

६

कर्तृत्वाचा प्रश्न अखेरीस उरतो. वेष्टनावर वादक म्हणून तिघांचीच नावे आहेत. परंतु फ्रँक बिअर्ड यांच्या घरी राहून पूर्वतयारीचे ध्वनिमुद्रण करणारे लिंडन हडसन यांचा या नव्या शैलीत मोठा वाटा होता, असे वाद्यवृंदाचे रंगमंच-व्यवस्थापक डेव्हिड ब्लेनी यांनी १९९४ च्या आपल्या पुस्तकात लिहिले आहे. लोकप्रिय गीतांच्या गतीचा अभ्यास करून मिनिटाला सुमारे १२० ठोक्यांची कल्पना हडसन यांनीच गिबन्स यांच्यापुढे मांडली, असे त्यात नमूद आहे. ‘थग’ या गीताच्या स्वामित्वाविषयी हडसन यांनी चालविलेला वाद पुढे त्यांना भरपाई मिळून मिटला. ध्वनिमुद्रिकेतील खरी उसनवारी कालमानाची आहे, हे वरील विवेचन मान्य केल्यास या माहितीचे महत्त्व फार वाढते. कारण मग वेष्टनावर नसलेल्या एका माणसाने शब्द नव्हे, स्वर नव्हे, तर थेट व्याकरणच बदलले, असे होते. आणि व्याकरण बदलणाऱ्याचे नाव नोंदविण्याची सोय स्वामित्वहक्काच्या कोणत्याही रकान्यात नसते. हूकर यांच्या चालीविषयी उपस्थित झालेला प्रश्न येथे उलट बाजूने पुन्हा भेटतो. तेथे सर्वांचे व्याकरण एकाच्या मालकीचे ठरवू पाहिले गेले. येथे एकाने घडविलेले व्याकरण निनावी राहिले.

७

या प्रमेयाची प्रतिपरीक्षा इतिहासाने स्वतःच करून ठेवली आहे. ‘एलिमिनेटर’च्या व १९८५ च्या ‘आफ्टरबर्नर’च्या यशानंतर, १९८७ मध्ये वाद्यवृंदाच्या सहा जुन्या ध्वनिमुद्रिका एकत्रितपणे नव्या तबकड्यांवर काढण्यात आल्या, आणि त्या काढताना त्यांपैकी बहुतेकींचे पुनर्मिश्रण करून जुन्या ड्रम्सना ऐंशीच्या दशकातील कृत्रिम घुमारा व यांत्रिक धार देण्यात आली. रसिकांनी या पाठांबद्दल तीव्र नाराजी व्यक्त केली. ‘त्रेस ओम्ब्रेस’चा मूळ मिश्रणाचा पाठ तबकडीवर सुलभपणे मिळण्यास २००६ साल उजाडावे लागले. दरम्यान जवळजवळ दोन दशके अनेक श्रोत्यांनी प्रक्षिप्त पाठालाच मूळ पाठ मानले असले पाहिजे. हस्तलिखितांच्या अभ्यासकास या प्रकारची हानी नवीन नाही. 

दोन्ही प्रसंगी ध्वनीचा पोत सारखाच होता. मग १९८३ मध्ये जे ग्राह्य ठरले, ते १९८७ मध्ये असह्य का व्हावे? पोत हाच निर्णायक घटक असता, तर दोहोंचा परिणामही सारखा झाला असता. परंतु ‘एलिमिनेटर’मधील गीते सरळ लयीत रचली गेली होती, यंत्राचा ध्वनी त्या रचनेतून निघालेला होता. जुन्या गीतांचा हेल गुरु-लघुचा होता, वादकांच्या हातांनी सरकणारा होता. त्यावर यंत्राचा ध्वनी वरून बसविला गेला. पहिल्या ठिकाणी उसना शब्द नव्या वाक्यात योजला होता, दुसऱ्या ठिकाणी जुन्या वाक्यातील शब्द खरवडून तेथे उसना लिहिला होता.

यावरून द्रोहाचा आरोप व पोशाखाचा बचाव ही दोन्ही मते अपुरी ठरतात. ‘एलिमिनेटर’ने ब्लूजच्या तीन अंगांपैकी कालाचे अंग देऊन टाकले आणि त्या मोबदल्यात स्वराचे अंग राखले. हा व्यवहार जाणूनबुजून केलेला होता व त्यात खरोखरीच काही गमावले गेले. हेल गेला, आणि त्याबरोबर गमावलेल्या माणसाचा शब्दही बव्हंशी गेला. तथापि वाटणी जोवर पाळली गेली, तोवर एका ताणलेल्या तारेत ब्लूजची मधली जागा शाबूत राहिली. ‘आफ्टरबर्नर’मध्ये सिंथेसायझरने गिटारच्या जागेवरही हक्क सांगितला, आणि त्या मोडीची सुरुवात ‘लेग्ज’मध्येच झालेली होती. म्हणून या ध्वनिमुद्रिकेचे मूल्यमापन करताना तिच्या विक्रीचे आकडे किंवा वाद्यांची यादी पाहून भागत नाही. कोणत्या गीतात कोणते अंग कोणाच्या हाती आहे, हे एकेक गीत घेऊनच पाहावे लागते.